अर्ध्या दिवसाची नोकरी

६ सप्टेंबर

प्रिय आई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र न उघडता ठेवून देशील, नाहीतर आधी चष्मा पुसशील आणि मग उघडशील. दोन्हींपैकी काय करशील ते सहा वर्षांनंतर मला सांगता येत नाही.

पत्राला विशेष कारण नाही. आम्ही सगळे बरे आहोत. फ्रिट्झी नऊ वर्षांची झाली, चौथीत आहे. रोन्या चार वर्षांची. तिला तू पाहिलेलंच नाहीस. फार बोलते. अखिम गिअरबॉक्सच्या कारखान्यातच आहे, आता त्याच्या हाताखाली वीस माणसं आहेत. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला. डावा हात अजून नीट चालत नाही, पण जीभ चालते. त्या वरच्या मजल्यावर राहतात. सकाळी त्यांच्या पायांत ते घट्ट औषधी मोजे चढवायचे आणि संध्याकाळी उतरवायचे, एवढंच काम. पंधरा मिनिटं लागतात. अखिमला आईच्या पायांना हात लावायला संकोच वाटतो म्हणून मी करते.

मी अजून त्याच ऑफिसात आहे, पुलांच्या. आठ ते साडेबारा. पुलावर मात्र आता जात नाही. टोर्बेन नावाचा एक तरुण इंजिनिअर जातो आणि मी त्याचे अहवाल नीट करते. तो हातोडीने काँक्रीट ठोकतो, पण कान नाही त्याला. आतून पोकळ झालेलं काँक्रीट ‘भद्द’ बोलतं, हे त्याला मीच शिकवलं. फोटो बघून मी त्याला सांगते, ‘इथे परत जा, ठोकून बघ.’ तो जातो, आणि बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं.

साडेबाराला मला पळावं लागतं, कारण बालवाडी एकला बंद होते. बाई आजारी असल्या तर त्याआधीच. बाई फार आजारी पडतात. मग आयांच्या ग्रुपवर निरोप येतो: ‘आज गट बंद, मुलांना घेऊन जा.’ ग्रुपमध्ये तीन बाबाही आहेत. ते नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवतात.

हेल्गामावशी म्हणाली, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. आता रेल्वेत चढता-उतरता येतं का? लांबचा प्रवास झेपतो का? सहज विचारते.

तुझी डोरीन


३ ऑक्टोबर

प्रिय आई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललेच नव्हते.

आज सुट्टी आहे. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्याचा दिवस. सासूबाई सकाळी मोजे चढवून घेताना म्हणाल्या, “तुमच्या पूर्वेकडच्या लोकांना आम्ही एवढं दिलं, त्याचा हा दिवस.” मी म्हटलं, “मला तर तुमचा मुलगाच मिळाला.” तर म्हणाल्या, “तेच म्हणते मी.” या विनोदालाही आता पंधरा वर्षं झाली.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कारण होतं.

आमचे साहेब, फॉलमर, यांनी ऑगस्टमध्ये मला आत बोलावलं. तपासणी पथकाचे प्रमुख निवृत्त होताहेत. चार माणसं, चारशे बारा पूल. फॉलमर म्हणाले, “डोरीनबाई, ही खुर्ची आठ वर्षांपूर्वीच तुमच्याकडे यायची होती. आता घ्या. पण पूर्णवेळ, आणि आठवड्यातले तीन दिवस बाहेर. अर्ध्या दिवसात पूल चढून उतरता येत नाही. पंधरा ऑक्टोबरपर्यंत सांगा.”

बाहेर येऊन मी गाडीत बसले आणि मला मोठ्याने हसू यायला लागलं. शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता.

अखिमला सांगितलं. तो म्हणाला, “घे की! मी कुठे अडवतोय?”

“मग रोन्याला एकला कोण आणणार?”

“बघू ना.”

“कोण बघणार?”

“आपण बघू, डोरीन. तू लगेच असा आवाज का काढतेस?”

मी कसला आवाज काढला ते मला कळलं नाही. पण दोन दिवसांनी तो आपणहून म्हणाला की तो त्याच्या साहेबांकडे, क्नॉपकडे, विचारेल: दोन दिवस तीनला निघायचं आणि शुक्रवारी घरून काम. उरलेल्या वेळासाठी एखादी बाई ठेवू. मला इतका आनंद झाला की मी त्याच्यासाठी अंड्याच्या शेवया हाताने केल्या. पाकिटातल्या नव्हेत. आता लिहिताना लाज वाटते.

फक्त पहिले चार महिने अवघड आहेत, कारण वसंतापर्यंत मुलांसाठी बाई मिळणार नाही असं सगळे सांगताहेत. मी तुझ्याकडे काही मागत नाही. तुला फक्त कळवते आहे की खालची खोली रिकामी आहे आणि तिला वेगळं न्हाणीघर आहे.

तुझी डोरीन


१६ ऑक्टोबर

आई,

झालं. मी नाही म्हणून सांगितलं.

अखिम मंगळवारी घरी आला, बूट काढता काढताच म्हणाला, “क्नॉपला विचारलं. साफ नाही म्हणाला. वीस माणसांचा प्रमुख तीनला घरी जाऊ शकत नाही. मी तरी काय करू?” त्याचा चेहरा इतका पडला होता की मीच त्याची समजूत काढली. बुधवारी सकाळी फॉलमरना सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “वाईट वाटलं.” खुर्ची टोर्बेनला मिळाली. तो एकोणतीस वर्षांचा आहे, आणि मनाने चांगला आहे. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “तुम्हाला विचारायला येत जाईन हं मी.” काल ऑफिसात त्याचं अभिनंदन झालं. बटाट्याचं सॅलड मी करून नेलं होतं.

ठीक आहे सगळं. मुलींना आई घरी असण्याचा फायदाच होतो. सासूबाई खूश आहेत. शेजारणीशी जिन्यात बोलत होत्या: “शहाणी आहे तशी. डोमकावळी नाही निघाली.”

तो शब्द ऐकून मी स्वयंपाकघरात खाली बसले.

इकडे पिल्लं टाकून कामावर उडणाऱ्या आईला डोमकावळी म्हणतात. आपल्याकडे पूर्वेला, एल्ब नदीच्या काठी, हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. आपल्या गल्लीत सगळ्याच आया कामावर जायच्या. मी तो इथे शिकले, आणि शिकल्यावर पहिल्यांदा वापरला तो तुझ्यावर. फ्रिट्झीच्या तिसऱ्या वाढदिवसाला, केक कापताना, सगळ्या सासरच्या माणसांसमोर. तू एवढंच विचारलं होतंस, “आता कामावर पूर्णवेळ कधी जाणार?” आणि मी म्हटलं, “मी तुझ्यासारखी डोमकावळी नाही. मी माझ्या मुलीला पहाटे साडेपाचला परक्यांच्या हातात देणार नाही.” सासूबाईंनी मान डोलावली होती. मला ती मान आवडली होती, आई. तीन वर्षं मी तिची वाट बघत होते.

तू केक संपवलास, बशी धुतलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. बशी धुवायची काय गरज होती?

आतापर्यंतच्या दोन्ही पत्रांत मी ‘त्या दिवशी जे झालं’ एवढंसुद्धा लिहिलं नाही. म्हणून आज लिहिलं. माफी मागते आहे असं समज. याहून नीट मागता येत नाही मला.

डोरीन


२६ ऑक्टोबर

आई,

तू वाचतेस की नाही मला माहीत नाही, तरी लिहिते. इथे हे कुणाला सांगणार? गावात सगळे अखिमचे शाळेपासूनचे मित्र आणि त्यांच्या बायका.

काल गावची जत्रा होती. मंडपात लांब बाकांवर सगळे बसलेले. क्नॉप बायकोला घेऊन आले आणि नेमके माझ्याशेजारी बसले. बिअरचा पेला अर्धा झाल्यावर मला म्हणाले, “तुमच्या नवऱ्यासारखा माणूस मिळत नाही हो. कधी काही मागत नाही! माझा दुसरा प्रमुख आठवड्यातून दोनदा तीन वाजता मुलांना आणायला जातो. मी अखिमला म्हणतो, अरे, तूही जात जा, घरी लहान मुलगी आहे तुझी. तर म्हणतो, गरज नाही, घरी सगळं व्यवस्थित आहे.”

मी विचारलं, “हे कधी म्हणाला तो?”

“नेहमीच म्हणतो. गेल्या आठवड्यातसुद्धा.”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला अखिम रोन्याला सॉसेज कापून देत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं. लगेच तो पुन्हा सॉसेजकडे वळला आणि अगदी बारीक बारीक तुकडे करत राहिला. चार वर्षांच्या मुलीला एवढे बारीक तुकडे लागत नाहीत.

घरी आलो. मुली आजीकडे वर गेल्या, तेव्हा विचारलं, “तू क्नॉपना विचारलंच नाहीस?”

“योग्य वेळ मिळाली नाही.”

“मग ‘साफ नाही म्हणाला’ असं का सांगितलंस?”

तो कपाटाला टेकून उभा राहिला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो हळूच म्हणाला, “मला वाटलं, तू स्वतःच नाही म्हणशील. तू दरवेळी म्हणतेस. यावेळी म्हणेचनास.”

आई, हे वाक्य मी दिवसभर डोक्यात फिरवते आहे. खोटं बोलला याचा राग आहेच. पण त्याहून वाईट हे की तो माझ्याबद्दल खरं बोलला. दरवेळी मी स्वतःच नाही म्हटलं होतं. पाच वर्षांपूर्वी मोठ्या पुलाचं काम आलं तेव्हा, त्याआधी प्रशिक्षणासाठी दोन महिने जायचं होतं तेव्हा. कोणी मला कोंडलं नाही. दार उघडं असायचं, आणि मी आपणहून आतून कडी लावायचे. वर ‘मुलींसाठी’ म्हणायचे.

मी म्हटलं, “उद्या क्नॉपना विचार.”

“आता काय उपयोग? ती जागा गेली ना.”

“माझ्यासाठी नको. विचारायचं म्हणून विचार.”

“तू माझी परीक्षा घेतेस का?” म्हणाला, आणि तळघरात सायकल दुरुस्त करायला गेला.

संध्याकाळी मोजे उतरवायला वर गेले. सासूबाईंना खालचं सगळं ऐकू गेलं होतं. या घराच्या भिंती पातळ आहेत. मला वाटलं, आता मुलाची बाजू घेतील. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “मला पोस्टात नोकरी लागली होती. बहात्तर साली. खिडकीवर बसायची. गणवेशाचं माप देऊन आले होते. आमच्या ह्यांनी जाऊन पोस्टमास्तरांना सांगितलं, बायको येणार नाही. तेव्हा कायद्यातच होतं, बाईने आधी घर बघायचं, मग उरलं तर नोकरी.”

मी त्यांचा पाय हातात धरून तशीच बसले होते.

“मला कायद्याने अडवलं,” त्या म्हणाल्या. “तुला कोण अडवतंय?”

हा टोमणा होता की आणखी काही, ते त्यांच्या तोंडाकडे बघून कळेना. त्या झटक्यानंतर त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हलते.

डोरीन


५ नोव्हेंबर

प्रिय आई,

तुझं पत्र शनिवारी आलं. पोस्टमनने दिलं तेव्हा मी दारातच उघडलं, पायांत नुसते मोजे, थंडीत.

तीनदा वाचलं. काही वाक्यं इथे पुन्हा लिहून काढते. तुला आठवण करून द्यायला नाही, मलाच ती माझ्या हाताने लिहायची आहेत.

‘तू विचारलं नाहीस तरी कळलं की मी यावं असं तुला वाटतं. गुडघ्याचं कारण सांगू शकले असते. पण गुडघा उत्तम आहे, मी रोज नदीपर्यंत चालते. मी येणार नाही. मी आले की तुझं घर चालेल, आणि घर चालवावं लागतं हे अखिमला मरेपर्यंत कळणार नाही.’

हे वाचून मला तुझा राग आला. अजून थोडा आहे.

आणि हे: ‘पाळणाघरात तुला सोडायचे तेव्हा तू रडायचीस. मीही कारखान्याच्या फाटकापर्यंत रडायचे. मग क्रेनच्या शिडीवर चढायचे. अठ्ठावीस मीटर. वर पोचले की रडू थांबायचं. मला वर आवडायचं, डोरीन. खाली लाल लोखंड ओतलं जायचं आणि माझ्या हाताच्या एका हालचालीवर चाळीस टन उचललं जायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. आईने नाइलाज होता म्हणायचं असतं, मग लोक माफ करतात. नाइलाज होताच. पण आवडायचंही. तू त्या दिवशी केक कापताना बोललीस ते मला एवढं लागलं ते याचसाठी. तू चुकली होतीस म्हणून नाही.’

मी त्या वाढदिवसापासून धरून बसले होते की तू माझ्यावर रागावून गेलीस.

पुढे तू लिहिलंस की नव्वदनंतर कारखाना बंद करताना आधी क्रेनवरच्या बायकांना काढलं, आणि नंतर तू तीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसलीस, जमिनीवर. ते ‘जमिनीवर’ तू कंसात लिहिलं आहेस. कंस काढून टाक, आई.

आता इथलं सांगते. सोमवारी मी फॉलमरांकडे गेले. म्हटलं, प्रमुखपद गेलं ते गेलं, मला साधी तपासनीस म्हणून पूर्णवेळ घ्या. त्यांनी हात पसरले. “तुम्ही नऊ वर्षांपूर्वी अर्धवेळ मागितलीत, ती कायमची दिली गेली. आता परत पूर्णवेळ हवी तर जागा निघायला हवी. जागा नाही.” अर्धवेळ मागितली की आठवड्यात मिळते. परतीचा कागद कुणाकडेच नसतो. माझ्या टेबलाच्या रांगेत आम्ही पाच जणी बसतो, सगळ्या साडेबाराला उठणाऱ्या. पाचही जणींची गोष्ट हीच. आम्ही एकमेकींना कधी विचारलं नव्हतं.

मी दारापर्यंत पोचले आणि फॉलमर म्हणाले, “थांबा. पथकातल्या इंगोचा घोटा मोडलाय, शिडीवरून पडला. मार्चअखेरपर्यंत तो चढू शकत नाही. तेवढ्यापुरती त्याच्या जागी जाल? टोर्बेनच्या हाताखाली काम करावं लागेल. आणि एप्रिलमध्ये पुन्हा तुमच्या टेबलावर.”

मी ‘घरी विचारून सांगते’ म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. मग म्हटलं, “कधीपासून?”

जेवताना अखिमला सांगितलं. “दहा तारखेपासून मी सोमवार ते शुक्रवार सहाला निघणार, पाच-सहापर्यंत येणार. मोज्यांसाठी सेवाकेंद्राची परिचारिका येईल, मी ठरवलं आहे. रोन्याचं तू बघ.”

“तू मला विचारलंही नाहीस,” तो म्हणाला.

“नाही.”

“क्नॉप नाही म्हणाले तर?”

फ्रिट्झी बशीतून मान वर न करता म्हणाली, “बाबा, ते तर जत्रेत हो म्हणाले होते.”

सासूबाई आता माझ्याशी बोलत नाहीत. परक्या बाईचा हात पायाला लागणार म्हणून. पोस्टाची गोष्ट त्यांनीच सांगितली होती, पण स्वतःचे मोजे त्यात येतील असं त्यांना वाटलं नसावं.

तुझी डोरीन


१२ नोव्हेंबर

प्रिय आई,

काल दुसराच दिवस होता. टोर्बेनबरोबर दरीवरच्या पुलावर गेले होते. पुलाच्या पोटात पोकळ बोगदा असतो, त्यात वाकून चालायचं, भिंती ठोकत, खडूने खुणा करत. वर गाड्या जातात त्या ढगांच्या गडगडाटासारख्या ऐकू येतात. नऊ वर्षांत अंग जड झालं आहे, दोनदा डोकं आपटलं. टोर्बेनने एक जागा ‘ठीक’ लिहिली. मी म्हटलं, “पुन्हा ठोक.” तो म्हणाला, “प्रमुख मी आहे.” मग ठोकलं त्याने. गालावर रंग चढला त्याच्या, आणि त्याने वहीतलं ‘ठीक’ खोडलं. प्रमुख तोच राहणार. दुरुस्तीच्या पत्रावर सही त्याचीच असेल, आणि एप्रिलमध्ये मी पुन्हा त्याचे अहवाल नीट करत बसेन. याच्याबद्दल मी स्वतःला काही गोड सांगत नाही.

पुलाच्या पोटात मोबाइल चालत नाही. साडेचारला बाहेर आले तेव्हा अखिमचे चौदा फोन येऊन गेले होते. मुलींना काही झालं, सासूबाई पडल्या, असं सगळं दोन क्षणांत मनात येऊन गेलं. मग निरोप वाचले.

काल कंदिलांची मिरवणूक होती, पाच वाजता, बालवाडीपासून चर्चपर्यंत. रोन्याने स्वतः कागदाचा कंदील केला आहे, कोल्ह्याच्या तोंडाचा. मी सकाळी निघताना अखिमला दोनदा आठवण केली होती.

पहिला निरोप: ‘कंदील अडकवायची काठी कुठे आहे?’

दुसरा: ‘दिव्याची काठी, डोरीन!!’

तिसरा: ‘फोन उचल.’

चौथा: ‘ती रडतेय.’

मग सासूबाईंच्या फोनवरून एक, बहुधा फ्रिट्झीने लिहिलेला: ‘आजी म्हणते आईला काम करू द्या.’

आता पाचला पंचवीस मिनिटं होती. मी हेल्मेट काढून कठड्यापाशी उभी राहिले. थंड वारा होता. टोर्बेन गाडीत सामान भरत होता. “सगळं ठीक?” त्याने विचारलं. मी मान हलवली. अंगठा मोबाइलच्या अक्षरांवर होता. एक ओळ लिहायची होती, दोन सेकंदांचं काम.

मग पाच वाजून गेले. पाच-दहाला फोटो आला. अंधारात मुलांची रांग, सगळ्यांचे कंदील नीटनेटक्या काठ्यांवर. मध्ये रोन्या, हातात आपला सूप ढवळायचा लाकडी डाव, त्याला सुतळीने बांधलेला कोल्हा, आत सायकलचा दिवा. कोल्हा उलटा लटकत होता. तिचं तोंड पूर्ण उघडं होतं, गात असावी. मागे अखिम, कोटाची बटणं चुकीची लावलेली, आणि कडेला दोन आया त्या डावाकडे बघत होत्या. खाली लिहिलं होतं, ‘काठी सापडली नाही. क्नॉपना सांगून साडेबाराला निघालो.’

फोटो मी या पाकिटात घातला आहे, दुकानातून छापून आणला. ही रोन्या.

आई, काठी कुठे होती ते मला माहीत होतं. तळघरात, जुन्या रंगाच्या डब्यांमागे, निळ्या पिशवीत. मला तेव्हाही माहीत होतं, कठड्यापाशी उभी असताना. मी कळवलं नाही.

तुझी डोरीन